यंत्राचे पाते आणि हाताची मूठ

गावगाड्यात विळा घडत असे, तेव्हा पाते लोहार घडवी आणि मूठ सुतार बसवी. पात्याचे काम कापण्याचे; ते कोणाच्याही हाती सारखेच. मूठ मात्र ज्याच्या त्याच्या हाताजोगी. डावखुऱ्याची निराळी, म्हाताऱ्याची निराळी, कोवळ्या पोराची निराळी. यंत्रयुगाने ही वाटणी मोडली. कारखान्यातून पाते आणि मूठ एकत्रच बाहेर पडू लागली आणि ज्याने त्याने आपला हात त्या मुठीला जुळवून घ्यावा, असा शिरस्ता पडला.

विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांची मूठ म्हणजे त्यांची बटणे, कळा, तबकड्या आणि पडद्यावरची चित्रे. इंग्रजीत तिला ‘यूजर इंटरफेस’ म्हणतात. या भाषणापुरते तिला ‘नियंत्रणपट’ म्हणणे सोयीचे होईल. खोलीत एकच दिवा होता, तोवर नियंत्रणपटाचा प्रश्न कोणाला पडला नाही. दाराशेजारी एक बटण असे आणि अंधारातही हात नेमका त्यावर पडे. आज त्याच खोलीत दूरचित्रवाणी, तिच्याजवळची पेटी, वातानुकूलन यंत्र, पंखा आणि ध्वनिवर्धक आहेत. आणि प्रत्येकाचा रिमोट वेगळा. व्याख्यानगृहात तर प्रोजेक्टर, पडदे, दिव्यांच्या रांगा आणि ध्वनिक्षेपक अशी मोठी पलटणच असते. वक्ता व्यासपीठावर येतो, श्रोते स्थानापन्न होतात, आणि पहिली दहा मिनिटे कोणते बटण कशाचे, या शोधात जातात. वास्तविक प्रत्येक यंत्र आपले काम चोख करीत असते. अडचण पात्यांची नसते, मुठींची असते.

ही अडचण फार पूर्वीच ज्यांच्या ध्यानात आली, त्यांत मार्क वायझर यांचे नाव अग्रभागी आहे. कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे झेरॉक्स कंपनीची प्रयोगशाळा होती, तेथे १९८८ च्या सुमारास त्यांनी ‘सर्वव्यापी संगणना’ ही कल्पना मांडली. १९९१ च्या सप्टेंबरात ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांचा एकविसाव्या शतकातील संगणकावरचा लेख प्रसिद्ध झाला. संगणक म्हणजे टेबलावरची एक पेटी आणि तिच्यापुढे बसलेला माणूस, हे चित्र त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या कल्पनेतील एका खोलीत तळहातात मावतील अशी शंभरावर छोटी उपकरणे, वहीएवढी दहा-वीस आणि भिंतीवरच्या फळ्याएवढी एक-दोन असणार होती. लेखनकला जशी भिंतीवरच्या पाट्यांपासून मिठाईवरच्या वेष्टनापर्यंत सर्वत्र पसरली आहे आणि तरीही ती कोणाचे लक्ष मागत नाही, तशी संगणना सभोवारच्या वस्तूंत विरून जावी, असा त्यांचा आग्रह होता. १९९९ साली त्यांचे निधन झाले. शंभर उपकरणांची खोली आज असंभाव्य वाटत नाही. परंतु उपकरणे विरून जाण्याऐवजी प्रत्येक जण आपापली मूठ पुढे करून उभा आहे, असेच चित्र बहुतेक ठिकाणी दिसते.

वायझर यांच्या कल्पनेतला कठीण भाग कोणता, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका प्रयोगाने स्पष्ट केले. आर्मांडो फॉक्स, पॅट हॅनरहन आणि टेरी विनोग्राड या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे एक बैठकीची खोली सिद्ध केली. भिंतीवर स्पर्श ओळखणारे तीन मोठे फलक होते, समोर एक विस्तीर्ण पडदा होता आणि मधल्या टेबलाच्या पृष्ठभागातही पडदा बसविलेला होता. येणारी मंडळी आपापले संगणक व हातातली छोटी उपकरणे घेऊन येत. आता कोणत्या उपकरणावरून कोणते यंत्र चालवावयाचे?

येथे साधे अंकगणित आडवे येते. समजा, खोलीत दहा यंत्रे आहेत आणि माणसांच्या हाती चार प्रकारची उपकरणे आहेत. प्रत्येक जोडीसाठी कोणी कारागिराने बसून नियंत्रणपट आखावयाचा म्हटले, तर चाळीस पट आखावे लागतील. बरे, माणसाला दर वेळी एकेक यंत्र सुटे वापरावयाचे नसते. कॅमेऱ्यातले चित्र छापण्याच्या यंत्राकडे जावे, तेच पुढे मोठ्या पडद्यावर दिसावे, अशी त्याची इच्छा असते. दहा यंत्रांच्या जोड्या होतात पंचेचाळीस, आणि चार उपकरणांसाठी त्यांचे पट होतात एकशे ऐंशी. अकरावे यंत्र खोलीत आले की, ही गणती पुन्हा वाढते. इतके पट कोणी आखणार नाही, आणि आखले तरी ते सांभाळणे अशक्यच.

यावर या मंडळींनी काढलेला मार्ग ‘आयक्राफ्टर’ या नावाने २००१ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मर्म असे की, पट आधी आखून ठेवू नये. गरज पडेल त्या क्षणी तो तयार करावा. खोलीत आलेले प्रत्येक यंत्र ठराविक काळाने आपले वर्णन घोषित करीत राहते: मला काय काय करता येते, माझ्याकडून काय मागता येते. हे वर्णन ऐकून ठेवणारा एक व्यवस्थापक असतो. कोणी हातातल्या उपकरणावरून पट मागितला की, तो तीन गोष्टी पाहतो. यंत्राचे वर्णन काय आहे, मागणारे उपकरण कशा प्रकारचे आहे आणि खोलीची रचना कशी आहे. या तिन्हींवरून त्या उपकरणाला शोभेल असा पट तो तेथल्या तेथे तयार करून देतो. मोठा पडदा असेल तर चित्रमय पट, आणि पडदाच नसेल तर बोलण्याच्या भाषेतला.

खोलीची रचना पाहण्याचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. ‘दिवा क्रमांक १’, ‘दिवा क्रमांक २’ अशी यादी यंत्राला पुरेशी असते, माणसाला नसते. माणूस म्हणतो, खिडकीजवळचा दिवा, फळ्यावरचा दिवा. म्हणून त्या खोलीच्या पटावर भिंती, फलक आणि दिवे यांचा लहानसा नकाशा दिसे. आणि जो दिवा हवा, त्याच्या जागेवर बोट ठेवले की, काम होई. यंत्राचे वर्णन तेच राहिले. केवळ खोलीचे ज्ञान मिळाल्याने मूठ हाताजोगी झाली.

जोड्यांच्या बाबतीतही अशीच युक्ती होती. चित्र देणारा आणि चित्र घेणारा, मजकूर देणारा आणि मजकूर घेणारा, अशा नात्यांचे काही साचे ठरविलेले होते. कॅमेरा हा देणारा, छपाईयंत्र हे घेणारे. त्या दोघांची भेट पूर्वी कधी झाली नसली, त्यांच्या निर्मात्यांनी एकमेकांची नावे ऐकली नसली, तरी साचा जुळला की दोघांचा संयुक्त पट उभा राही.

आता हे सारे ज्या पायावर उभे होते, तो पाहणे अगत्याचे आहे. अनेक स्वतंत्र यंत्रे एकत्र काम करतात, तेव्हा त्यांतले एखादे केव्हाही बंद पडते, एखादे खोलीबाहेर जाते, एखादे अर्ध्यावर नवीन येते. प्रत्येकाने प्रत्येकाचा पत्ता लक्षात ठेवून थेट निरोप पाठवावयाचा म्हटले, तर एक दुवा निखळताच सारी साखळी अडते. येल विद्यापीठातील डेव्हिड गेलर्न्टर यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘लिंडा’ या पद्धतीत एक साधी कल्पना मांडली होती. तीच स्टॅनफर्डच्या मंडळींनी पुढे नेली. देवळाच्या किंवा वाचनालयाच्या दारात जशी सूचनांची फळी असते, तशी ही सामाईक फळी. ज्याला काही सांगावयाचे आहे, त्याने चिठ्ठी लावावी. ज्याच्या कामाची असेल, त्याने ती वाचावी. लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचा पत्ता ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय प्रत्येक चिठ्ठीला मुदत असे. मुदत सरली की ती आपोआप नाहीशी होई. यंत्र बंद पडले, तर त्याच्या घोषणा थांबत, जुन्या चिठ्ठ्या गळून पडत आणि निरुपयोगी बटण माणसापुढे राहत नसे. जिवंत यंत्राचेच बटण पटावर असावे, ही गोष्ट लहान दिसते; पण माणसाचा विश्वास तिच्यावरच उभा असतो.

याच सुमारास पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेफ्री निकल्स आणि ब्रॅड मायर्स यांनी घरगुती यंत्रांचा प्रश्न हाती घेतला. त्यांनी प्रथम तपासले की, मुठीमुळे खरोखरच किती फरक पडतो. एक संगीतयंत्र आणि एक दूरध्वनी यांवरची मूळ बटणे एका बाजूस, आणि हातातल्या छोट्या संगणकासाठी काळजीपूर्वक आखलेला पट दुसऱ्या बाजूस, अशी तुलना केली. नव्या पटावर लोकांना सुमारे निम्मा वेळ लागला आणि चुकाही सुमारे निम्म्या झाल्या. यंत्र तेच, माणसे तशीच. बदलली ती केवळ मूठ.

तो पट हाताने आखलेला होता. तसाच पट यंत्राने आपल्या आपण आखावा, यासाठी त्यांनी यंत्राच्या वर्णनाची भाषा ठरविली. त्या वर्णनात बटणाचा आकार, रंग, जागा यांचा उल्लेखही नसतो. यंत्राच्या कोणकोणत्या अवस्था असतात, त्याला कोणत्या आज्ञा देता येतात, कोणत्या गोष्टी एका गटातल्या आहेत आणि कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे, एवढेच त्यात असते. या शेवटच्या नोंदीचा उपयोग मोठा मार्मिक आहे. संगीतयंत्र रेडिओ लावण्याच्या अवस्थेत असेल, तर तबकडीची बटणे निरुपयोगी असतात, आणि तबकडी चालू असेल तर रेडिओची. वर्णनातून हे कळताच पट आखणारी प्रणाली अनुमान करते की, हे दोन गट एकाच वेळी दाखविण्याचे कारण नाही. दोन पाने करावीत आणि हवे तेच समोर ठेवावे. चांगला कारागीर हेच करतो. फरक एवढाच की, येथे कारागिराचा विवेक नियमात उतरविला आहे.

या प्रयत्नाचे फळ २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दिसले. छापणे, नक्कल काढणे आणि कागद दूर पाठविणे ही कामे एकत्र करणारी दोन यंत्रे घेतली होती. आपोआप तयार झालेल्या पटावर लोकांनी ठरवून दिलेली कामे यंत्रावरच्या मूळ पटाच्या दुप्पट वेगाने केली, आणि कामे तडीस नेण्याचे प्रमाण चौपट झाले.

तथापि, या साऱ्या खटाटोपाचे खरे मोल घाईच्या माणसाची मिनिटे वाचविण्यात नाही. ते कशात आहे, हे वॉशिंग्टन विद्यापीठातील क्रिस्तोफ गायोश आणि डॅनियल वेल्ड यांच्या कामाने दाखविले. त्यांच्या ‘सपल’ या प्रणालीने पट आखण्याकडे हिशोबाचा प्रश्न म्हणून पाहिले. प्रत्येक मांडणीत माणसाला किती श्रम पडतील याचा अंदाज करावयाचा, आणि उपकरणाच्या मर्यादेत जिचे श्रम सर्वांत कमी, ती मांडणी निवडावयाची. वर्गातील दिवे, प्रोजेक्टर आणि वायुवीजन यांचा पट हे त्यांचे एक आवडते उदाहरण. पडद्याला बोटाने स्पर्श करावयाचा असेल, तर बटणे मोठी; माऊस असेल तर लहान चालतात.

पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. श्रमांचा अंदाज कोणाच्या हातावरून करावयाचा? बाजारातला प्रत्येक पट कोणत्या तरी सरासरी हातासाठी आखलेला असतो, आणि तो हात बहुधा तरुण, स्थिर व निरोगी असतो. कंपवाताने थरथरणारा हात, स्नायू दुबळे झालेला हात, बोटे न वळणारा हात यांच्यासाठी वेगळी साधने घ्यावीत आणि कसेबसे भागवावे, हा परिपाठ होता. या मंडळींनी तो उलटा केला. एकदाच, थोड्या वेळात, त्या त्या माणसाच्या हालचालींची चाचणी घेतली: नेम धरणे, ओढून नेणे, लागोपाठ टिचकी मारणे, यादीतून निवड करणे. त्या मापांवरून त्याच माणसासाठी पट तयार केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, हालचालींत अडथळा असलेल्या लोकांचे काम निर्मात्यांच्या पटापेक्षा २६.४ टक्के जलद झाले आणि चुका ७३ टक्क्यांनी कमी झाल्या. थकवाही पुष्कळच कमी, असे त्यांनी सांगितले. त्या माणसांचे हात सुधारले नव्हते. त्यांना दिलेली मूठ तेवढी त्यांची झाली होती. दिवा लावण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागणे आणि आपला दिवा आपण लावणे, यांतील अंतर टक्क्यांत मोजता येत नाही.

याच विचाराला २००८ साली ‘आयएसओ/आयईसी २४७५२’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. भिंतीतल्या विजेच्या सॉकेटमध्ये कोणताही योग्य प्लग बसतो, तसे प्रत्येक यंत्राने एक अमूर्त सॉकेट ठेवावे आणि त्यात ज्याचा त्याचा पट बसावा, अशी ही योजना आहे.

येथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की, मग पट सतत बदलत राहणे उत्तमच. येथेच सावध राहिले पाहिजे. माणसाचा हात सवयीने शहाणा होतो. अंधारात बटण सापडते, ते ते रोज तेथेच असते म्हणून. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘ऑफिस २०००’ मध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा यादीतून आपोआप दडवून ठेवण्याची सोय केली होती. हेतू चांगला, परंतु ओळखीची आज्ञा ओळखीच्या जागी सापडेना, तेव्हा ती सोय अनेकांना जाच वाटली. २००७ च्या आवृत्तीत नवी मांडणी आली आणि ती पद्धत मागे पडली. यातून घेण्याचा धडा असा की, जुळवून घेणारा पट म्हणजे चंचल पट नव्हे. गायोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगांतही, वारंवार लागणारी बटणे मूळ जागेवरून न हलविता त्यांची एक प्रत सोयीच्या जागी ठेवणे, हाच प्रकार लोकांना अधिक पसंत पडला. निकल्स यांच्या प्रणालीने तर सवयीलाच मदतीस घेतले. जुन्या छपाईयंत्राचा पट माणसाला परिचित आहे ना, मग नव्या यंत्राचा पटही शक्य तितका त्याच वळणाचा करावयाचा. अशा पटावर लोकांचे काम परिचयाचा विचार न करता आखलेल्या पटाच्या दुप्पट वेगाने झाले. बदलावयाचे ते माणूस बदलला म्हणून, जागा बदलली म्हणून. यंत्राला बदलता येते म्हणून नव्हे.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. मूठ पात्यापासून वेगळी झाली की, ती कोणाच्या ताब्यात राहणार? रिव्हॉल्व्ह नावाची एक छोटी पेटी घरातील निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालवीत असे. २०१४ साली ती कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीने घेतली, आणि मे २०१६ मध्ये तिची दूरवरची सेवा बंद करण्यात आली. घरातले दिवे शाबूत होते, वीज होती. पण ती पेटी निरुपयोगी झाली, कारण तिचे चालकत्व घरात नव्हतेच. दाराशेजारचे साधे बटण असा दगा देत नाही. म्हणून खोलीचे नियंत्रण खोलीतच राहावे, बाहेरचा दुवा तुटला तरी दिवा लागावा, हा नियम अशा प्रत्येक रचनेत पहिला असावयास हवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे सामाईक मानक प्रथम प्रसिद्ध झाले. दिवा, कुलूप, पडदा यांनी आपले गुण व आज्ञा ठरलेल्या भाषेत सांगाव्यात, आणि घरातल्या घरातच त्यांचा व्यवहार व्हावा, अशी त्याची दिशा आहे. यंत्राने स्वतःचे वर्णन करावे, हा स्टॅनफर्ड आणि पिट्सबर्ग येथला विचार आता अशा रीतीने बाजारात उतरत आहे.

या विचाराचा एक पैलू बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांना विशेष जवळचा वाटावा. यंत्राच्या अंगावर कोरलेला शब्द एका भाषेचा असतो. वर्णनातला अर्थ मात्र भाषेआधीचा असतो. कार्नेगी मेलनच्या भाषेत प्रत्येक गोष्टीला एकच नाव नसून लहान-मोठ्या नावांचा संच असे. जागा असेल तसे नाव निवडले जाई, आणि बोलून दाखविण्यासाठीचेही नाव त्यात ठेवता येई. ज्या संचात ‘ताप.’, ‘तापमान’ आणि ‘खोलीचे तापमान’ राहू शकते, त्यात कन्नड, गुजराती, हिंदी, तेलुगू नावेही राहू शकतात. एकाच घरात आजी मराठी वाचते, नातू शाळेतली भाषा वाचतो आणि कामाला येणाऱ्या बाईंना ऐकून समजते. भिंतीवरच्या एका पाटीवर या तिघांची सोय लागत नाही. तेथे कोणाची भाषा वर आणि कोणाची खाली, हा वाद उभा राहतो. ज्याच्या त्याच्या हाती ज्याचा त्याचा पट आला, तर वादाचे कारणच उरत नाही. अर्थात ती नावे कोणी तरी विचारपूर्वक, बोलीतली आणि नेमकी, घालून ठेवली पाहिजेत. ते काम यंत्राचे नव्हे; ते भाषा जाणणाऱ्यांचे आहे.

अलीकडे भाषेवर चालणाऱ्या संगणकप्रणाली साध्या सांगण्यावरूनही पडदा आखून देऊ लागल्या आहेत. त्यामुळे पट तयार करणे सुलभ होईल यात शंका नाही. पण आखणी सुलभ झाली म्हणून कसोटी सैल होत नाही. पटावरचे प्रत्येक बटण जिवंत यंत्राचे आहे काय, ते परिचित जागी आहे काय, दुबळ्या हातालाही ते पोचते काय, आणि बाहेरचे जग बंद पडले तरी ते चालते काय, हे चार प्रश्न कोणत्याही हुशार खोलीला विचारावेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर यंत्राचे पाते कितीही गुंतागुंतीचे असो, त्याची मूठ माणसाच्या हातात आहे, असे निःशंकपणे म्हणता येईल.